लाँगवूडचे वरचे मजले रिकामेच राहू द्यावेत

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला आहात. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, नॅचेझ या गावी, तुम्ही लाँगवूड नावाचे अष्टकोनी घर पाहिलेत. तळमजला गिलावा केलेला, सामानसुमानाने भरलेला आणि वरचे सगळे मजले उघड्या विटांचे. मूळ आराखडे छापील स्वरूपात मिळतात, तेव्हा ‘लाँगवूड पूर्ण करणे’ हा प्रबंधाचा विषय घ्यावा का, आणि या घराचा इतिहास कसा वाचावा, असे तुम्ही विचारले आहे.

लाँगवूड जरूर घ्या. पण ते पूर्ण करायला घेऊ नका. मी तीसेक वर्षे जुन्या वाड्यांच्या आणि चुन्यात बांधलेल्या इमारतींच्या दुरुस्तीत काढली आहेत. इमारत कशी उभी राहिली, कुणी उभी केली, काम कुठल्या दिवशी कुठवर आले होते, हे पाहायला आम्हाला गिलाव्याचा पोपडा निघण्याची वाट पाहावी लागते. इथे सहा मजल्यांच्या घरात एक मजला सोडून बाकी सगळी इमारत जशी बांधली तशी उघडी आहे. असे कागदपत्र जगात फार थोड्या ठिकाणी शिल्लक आहे.

‘अँटेबेलम’ म्हणजे युद्धापूर्वीचे. अमेरिकेत हा शब्द 1861 ते 1865 च्या यादवी युद्धाआधीच्या दक्षिणेसाठी वापरतात. अशी घरे म्हटली की पांढरे उंच खांब, ग्रीक देवळासारखा दर्शनी भाग आणि समोर ओकची झाडे डोळ्यांसमोर येतात. नॅचेझमध्ये तशीही आहेत. 1840 च्या दशकातले मेलरोझ, 1857 चे स्टँटन हॉल ही त्याची चांगली उदाहरणे. लाँगवूड मात्र या रांगेत बसत नाही. लाल विटा, आठ बाजू, लाकडात कोरलेल्या मूरिश (स्पेन-उत्तर आफ्रिकेतल्या मुस्लिम धाटणीच्या) कमानींचे सज्जे, छपराखाली इटालियन धाटणीच्या घोडी, म्हणजे कोरीव आधार, आणि माथ्यावर कांद्याच्या आकाराचा घुमट.

मालक हॉलर नट. जन्म 1816. बाप रश नट वैद्यक जाणणारा आणि कापसाच्या सुधारित वाणावर काम केलेला माणूस. पोराने बापाचा कापसाचा उद्योग कितीतरी पटींनी वाढवला. त्याच्या मालकीची जमीन सुमारे 43,000 एकर आणि गुलाम माणसे सुमारे 800, असे आकडे सांगितले जातात. ही जमीन लाँगवूडभोवती नव्हती, हे नीट लक्षात घ्या. कापसाची मोठी शेते मिसिसिपी नदीच्या पलीकडे लुइझियानाच्या सखल, गाळाच्या पट्ट्यात होती. नॅचेझ नदीकाठच्या उंच कड्यावर वसलेले आहे. तिथे पुराचे भय नाही, हवा त्या मानाने बरी, शेजार बरोबरीच्या श्रीमंतांचा. म्हणून मळेवाले राहायचे इकडे आणि त्यांची संपत्ती पिकायची तिकडे. लाँगवूडच्या सज्जात उभे राहिले तर झाडे दिसतात, कापूस वेचणारे हात दिसत नाहीत. हा नुसता भूगोल नाही, घराच्या रचनेचाच भाग आहे. तुमच्या स्थळदर्शक नकाशात नदीपलीकडचा तो पट्टाही घ्या. कुंपणापाशी नकाशा संपवलात तर घराचा पाया कागदाबाहेर राहील.

नटच्या अ‍ॅराबी नावाच्या मळ्याची 1843 ते 1850 ची नोंदवही आज अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संग्रहात जपलेली आहे. ती वाचल्याशिवाय हा विषय हातात घेऊ नका, एवढी माझी विनंती आहे.

आता आराखड्याकडे. वास्तुविशारद फिलाडेल्फियाचा सॅम्युअल स्लोन. 1852 मध्ये त्याने घरांच्या नमुना-नकाशांचा संग्रह छापला होता आणि त्यात ‘पौर्वात्य’ म्हणून एक बंगला होता. त्यावरून नटचे मन ठरले. ‘पौर्वात्य’ हा शब्द आपल्यासारख्यांनी ऐकला की जरा थांबावे. इंग्लंडात ब्रायटनला जॉन नॅश या वास्तुविशारदाने 1815 ते 1822 मध्ये राजासाठी घुमट-मिनारांचा महाल केला. अमेरिकेत पी. टी. बार्नम या खेळ-तमाशे करणाऱ्या धंदेवाईकाने 1848 मध्ये ब्रिजपोर्टला त्याच धर्तीचे इराणिस्तान नावाचे घर बांधले, ते 1857 मध्ये जळाले. लाँगवूडचा घुमट या वाटेने आलेला आहे. आपल्याकडचा घुमट दगडविटांचा असतो, तो स्वतःचे वजन रेटून खाली भिंतीत उतरवतो, आणि तो रेटा झेलायला भिंती जाड कराव्या लागतात. लाँगवूडचा घुमट लाकडी सांगाड्यावर चढवलेला आहे. आकार इकडचा, बांधणी पूर्णपणे अमेरिकी सुतारांची. यात कमीपणा काही नाही. उलट त्या सुतारांचे कौशल्य पाहायचे तर तिथेच पाहावे. फक्त प्रबंधात ‘मुघल प्रभाव’ असे एका शब्दात लिहून मोकळे होऊ नका. छापील चित्रांतून प्रवास करत आलेला तो आकार आहे.

अष्टकोनाचे मूळ वेगळे. ऑर्सन स्क्वायर फाउलर नावाच्या माणसाने 1848 मध्ये अष्टकोनी घराचा पुरस्कार करणारे पुस्तक काढले आणि पुढची दहाएक वर्षे अमेरिकेत या घरांची लाट होती. त्याचा हिशेब साधा होता. 160 फूट लांबीची बाहेरची भिंत बांधायची आहे असे धरा. चौकोन केला तर 40 गुणिले 40, म्हणजे 1,600 चौरस फूट मिळतात. त्याच भिंतीचा अष्टकोन केला, प्रत्येक बाजू 20 फूट, तर 1,931 चौरस फूट मिळतात. वीस टक्क्यांहून जास्त जागा, भिंत तेवढीच. गणित बरोबर आहे. पण माणूस क्षेत्रफळात राहत नाही, खोल्यांमध्ये राहतो. अष्टकोनात चौकोनी खोल्या बसवल्या की त्रिकोणी तुकडे उरतात, आणि खोल्या तिरप्या केल्या की पलंग नि कपाटे भिंतीला लागत नाहीत. लहान घरात हा वाढीव भाग कोपऱ्यांतच संपतो.

लाँगवूड एवढे मोठे आहे, सुमारे 30,000 चौरस फुटांचे, की स्लोनला हा त्रास फारसा नव्हता. अमेरिकेतले हे सर्वांत मोठे अष्टकोनी घर. मधोमध अष्टकोनी चौक खालपासून थेट घुमटापर्यंत उघडा ठेवायचा, त्याच्या भोवती खोल्या, खोल्यांच्या बाहेर सज्जे. म्हणजे बहुतेक खोल्यांना एक तोंड आतल्या चौकाकडे आणि एक बाहेरच्या मोकळ्या हवेकडे. आपल्या वाड्यात राहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही. अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) फराहबाग महालातही सोळाव्या शतकात अष्टकोन आणि मधला उंच दालन-चौक असाच एकत्र आला आहे, भोवती तलाव करून. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. उष्ण प्रदेशात बांधणारा माणूस फिरून फिरून याच उत्तराकडे येतो, इतकेच.

घुमटाखालच्या बहुकोनी भागात खिडक्यांची रांग आहे. गरम हवा चौकातून वर चढून तिथून बाहेर पडावी, ही कल्पना. हे कितपत चालले असते, हे तुम्ही तपासण्यासारखे आहे. धुराड्याचा ओढा, म्हणजे हवा वर खेचली जाणे, तेव्हाच लागतो जेव्हा आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा गरम असते. मिसिसिपीत जुलैच्या दुपारी जाड विटांच्या घरात आतली हवा बाहेरच्यापेक्षा थंडच असणार. त्या वेळी वरच्या खिडक्या उघड्या टाकल्या तर ओढा लागणार नाही, उलट थंड हवा खाली सरकून बाहेर जाईल आणि वरून गरम हवा आत येईल. खरा उपयोग संध्याकाळनंतर. बाहेर गार होते, भिंतींनी दिवसभर साठवलेली ऊब आत असते, तेव्हा रात्रभर घर धुऊन निघावे तशी हवा वाहील. दुपारी खिडक्या बंद, रात्री उघड्या. वर चढून त्या उघडझाप करायला माणूस लागतो, आणि 1860 मध्ये तो माणूस कोण असणार होता हे तुम्हाला ठाऊक आहे.

दुसरी कल्पना आरशांची. वरून येणारा उजेड आरशांनी खाली फेकून आतल्या भागाला द्यायचा, अगदी तळमजल्यापर्यंत. हे आरसे कधी बसलेच नाहीत. मला ही योजना फार आवडते, पण तिच्याविषयी लिहिताना ‘स्लोनने असे योजले होते’ असेच लिहा. सूर्य सरकतो, आरसा स्थिर असतो, प्रत्येक परावर्तनात उजेड थोडा कमी होतो. संगणकावर प्रतिकृती करून वर्षातल्या बारा दिवसांचा उजेड मोजलात तर इतक्या वर्षांनी त्या योजनेची परीक्षा होईल. पूर्ण करण्याची हौस तिथे भागवा.

बांधकाम 1860 मध्ये सुरू झाले. स्लोनने देखरेखीसाठी ॲडिसन हटन नावाचा तरुण सहकारी नॅचेझला पाठवला, पुढे तो स्वतः फिलाडेल्फियातला नावाजलेला वास्तुविशारद झाला. कुशल गवंडी, सुतार उत्तरेतून आणले. पण विटा जागेवरच पाडल्या आणि भाजल्या, आणि ते काम गुलाम माणसांनी केले. साडेसात लाख विटा असा आकडा सांगितला जातो. आपल्या वीटभट्टीवर उभे राहून आठवा हे काम काय असते: माती खणणे, तुडवणे, साच्यात दाबणे, वाळवणे, रचणे, रात्री जागून भट्टी राखणे. घराच्या वर्णनांत ‘नटने घर बांधले’, ‘स्लोनने घर बांधले’ अशी वाक्ये सहज येतात. भिंतीपुढे उभे राहिले की कळते, ती भिंत या दोघांपैकी कुणीही बांधलेली नाही.

आणि हे फक्त लाँगवूडमध्येच डोळ्यांना दिसते. शेजारच्या पांढऱ्या घरांमध्ये गिलाव्याखाली, रंगाखाली, कागदी भिंतशोभेखाली हे सगळे झाकले गेले आहे. दक्षिण कॅरोलिनात चार्ल्सटनच्या जुन्या विटांमध्ये गुलाम मजुरांच्या, कित्येकदा लहान मुलांच्या, बोटांचे ठसे सापडले आहेत. ओली वीट साच्यातून काढताना उमटलेले. अशा खुणा गिलाव्याआड कुणाला दिसणार?

नॅचेझच्या वेशीवर ‘फोर्क्स ऑफ द रोड’ नावाचा गुलामांचा बाजार होता. त्या भागात न्यू ऑर्लिन्सच्या खालोखाल तोच मोठा. लाँगवूडला जाणाऱ्या प्रवाशाने तिथे आधी थांबावे. आता ती जागा राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात आहे.

मिसिसिपी राज्य जानेवारी 1861 मध्ये संघराज्यातून फुटले आणि एप्रिलमध्ये युद्ध पेटले. उत्तरेचे कारागीर अवजारे टाकून घरी परतले. तोवर बाहेरचा सांगाडा, छप्पर, घुमट उभे झाले होते, आत मात्र काहीच नव्हते. 1862 पर्यंत स्थानिक आणि गुलाम कारागिरांकडून तळमजला राहण्याजोगा करून घेतला गेला. 32 खोल्यांपैकी 9 पुऱ्या झाल्या. वरचे काम थांबले ते कायमचे. अवजारे, रंगाचे डबे, सामानाच्या लाकडी पेट्या अजून वरच्या मजल्यांवर आहेत.

हॉलर नट स्वतः फुटीच्या विरोधात होता, संघराज्याच्या बाजूचा होता. पण त्यामुळे त्याची मालमत्ता काही बचावली नाही. सैन्ये त्याच्या मळ्यांवरून गेली, कापूस जळाला, साठे गेले. जून 1864 मध्ये न्यूमोनियाने तो वारला. घर पाहायला जाणाऱ्यांना तो दुःखाने खचून मेला असे सांगतात. त्याच्या दुःखाबद्दल मला शंका नाही. पण त्याच काळात त्याच मळ्यांवरची शेकडो माणसे स्वतंत्र झाली, आणि हे वाक्य त्या गोष्टीच्या शेजारी ठेवूनच सांगायला हवे. त्याची बायको ज्युलिया नट मुलांना घेऊन त्या 9 खोल्यांत राहिली, सरकारकडे भरपाईसाठी वर्षानुवर्षे झगडली, थोडी मिळवली, आणि 1897 मध्ये वारली. डोक्यावर पाच रिकामे मजले घेऊन तिने तीन दशकांहून अधिक काळ संसार केला. लोकांनी घराला ‘नटचा वेडेपणा’ असे नाव पाडले होते. कुटुंबाने तरीही ते 1968 पर्यंत सोडले नाही. 1969 मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला आणि 1970 मध्ये ते नॅचेझच्या पिलग्रिमेज गार्डन क्लबच्या हाती आले. वरचे मजले पूर्ण करायचे नाहीत, हे तेव्हापासून पाळले गेले आहे.

इथे एक आपल्या घरची गोष्ट. युद्धापूर्वी ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांशाहून अधिक अमेरिकेतून जायचा. युद्धात दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, तो थांबला, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाड-खानदेशातल्या शेतकऱ्यांपासून मुंबईच्या दलालांपर्यंत सगळे त्या लाटेवर चढले. त्याच तेजीत प्रेमचंद रायचंद यांनी 1864 मध्ये मुंबई विद्यापीठाला देणगी दिली, तिच्यातून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला. 1865 मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि कितीजण बुडाले. नॅचेझमधल्या एका घराचे काम ज्या कारणाने थांबले त्याच कारणाने फोर्टमधल्या एका मनोऱ्याला पैसा मिळाला. तुमच्या मुंबईतल्या परीक्षकांपुढे लाँगवूडचे महत्त्व सांगायची वेळ आली तर इथून सुरुवात करा.

आता ‘पूर्ण का करू नये’ याची तांत्रिक बाजू. पहिली गोष्ट, पूर्ण करायचे म्हणजे नक्की काय? स्लोनचे छापील आराखडे म्हणजे इच्छा. नट आणि स्लोन यांच्यात पत्रव्यवहार चालू होता, आणि असे काम चालू असताना बेत बदलत राहतात, हे कुठलाही बांधकाम करणारा सांगेल. रंग कोणता, फरशी कुठली, दाराची मूठ कशी, यातल्या बहुतेक गोष्टी आज आपण ठरवणार. म्हणजे एकविसाव्या शतकाचे घर 1861 च्या तारखेखाली विकणार. दुसरी गोष्ट, गिलावा चढवला की पुरावा गेला. तो नंतर काढता येतो हे म्हणणे कागदावर ठीक आहे. मी गिलावा काढलेल्या भिंती पाहिल्या आहेत, विटेचा भाजलेला पापुद्रा त्याच्याबरोबर निघून येतो आणि आतली मऊ माती पावसाला उघडी पडते.

एका जुन्या वाड्यात मीच एकदा ही चूक होऊ दिली होती. मालकांना विटांमधल्या सांध्यांत सिमेंट भरून, म्हणजे सिमेंटचे दर्जे, हवे होते, मी पुरेसे भांडलो नाही. चार पावसाळ्यांत विटांचे तोंड झडले, दर्जे मात्र जाळीसारखे पुढे उभे. चुन्याचा सांधा ओल शोषतो, सोडतो आणि गरज पडली तर स्वतः झिजतो. सिमेंटचा सांधा झिजत नाही, वीट झिजते. जागेवर भाजलेल्या विटा सगळ्या सारख्या पक्क्या नसतात, म्हणून लाँगवूडसारख्या घराला हे दुप्पट लागू आहे.

तिसरी गोष्ट आग. मधला उघडा चौक, लाकडी तुळया, लाकडी घुमट: आग लागली तर तो चौक धुराड्यासारखाच चालेल. लुइझियानातले नॉटोवे हे 1859 चे भले मोठे घर मे 2025 मध्ये जळून गेले. तळमजल्याच्या विजेच्या जोडण्या, धूर ओळखणारी यंत्रणा, पाण्याची सोय, वाळवीची तपासणी, पन्हाळी आणि छपराची गळती, यांवर एक अख्खे प्रकरण लिहिण्यासारखे आहे. कुणाला ते चमकदार वाटणार नाही, पण घर त्याच्यावरच टिकते. उघडे ठेवणे म्हणजे वाऱ्यावर सोडणे नव्हे. अपुरे घर अपुरेच टिकवायला पुऱ्या घरापेक्षा जास्त लक्ष द्यावे लागते.

घुमटावरच्या कळसाबद्दल तुम्ही स्वतंत्र विचारले होते. मूळचा टिकला नाही, 1993 मध्ये 24 फुटांचा फायबरग्लासचा बसवला. तुम्हाला ते खटकले. मला तितके खटकत नाही. घुमटाच्या लाकडी सांगाड्यावर वजन कमी आले, तो कशाचाही भार उचलत नाही, उद्या काढता येतो, आणि घराची आकाशरेषा त्याच्याशिवाय तुटलेली दिसली असती. तोच न्याय आतल्या खोल्यांना लावता येणार नाही, कारण कळस एकेकाळी खरोखर तिथे होता. वरच्या खोल्या तशा कधी नव्हत्याच.

तेव्हा प्रबंधासाठी माझा सल्ला असा. ‘1861 मध्ये थांबलेल्या कामाची नोंद’ हा विषय घ्या. चौकातून जाणारा उभा छेद एकास पन्नासच्या प्रमाणात काढा आणि प्रत्येक मजल्यावर काम कुठवर आले होते ते वेगवेगळ्या रेघांनी दाखवा: नुसती वीट, बसवलेली तुळई, पट्ट्या मारायला तयार केलेली भिंत, अर्धवट चौकट. कारागीर गेले तेव्हा कुठला गट कुठे काम करत होता, हे त्या छेदावरून उलगडू लागेल. त्याच्या शेजारी नोंदवहीतले मळे आणि माणसे ठेवा. तिथे पुन्हा जाल तेव्हा तळमजल्याच्या खोल्यांत फार वेळ घालवू नका, त्यांची छायाचित्रे भरपूर मिळतील. वर चढताना जिथे गिलावा संपतो आणि वीट सुरू होते तिथे थांबा, मोजपट्टी काढा आणि पहिले माप तिथले घ्या.